लाल भाकरी: जुन्नर-आंबेगावानं चाखलेली अमेरिका

आजचा भाग खाण्यावर आहे. जेवायच्या आधी ऐकत असाल तर आधी जेवून घ्या, मग या.

गेल्या काही वर्षांत यूट्यूबवर एक प्रकार फार चालतो. इंग्लंडमधल्या शाळकरी पोरांसमोर अमेरिकेतलं घरगुती खाणं ठेवायचं आणि त्यांची तोंडं कशी होतात ते बघायचं. अमेरिकेतलं कम्फर्ट फूड, म्हणजे आजारातून उठल्यावर, पावसात भिजून आल्यावर, परगावाहून घरी पोचल्यावर जे मागावंसं वाटतं ते. त्यात हमखास येतात ‘बिस्किट्स आणि ग्रेव्ही’. आता इंग्रज पोराच्या डोक्यात बिस्किट म्हणजे चहात बुडवायचं, कडक, गोड. आपल्या डोक्यातही तेच, कारण आपण तो शब्द त्यांच्याकडूनच घेतला. आणि समोर येतो मऊ पावासारखा गोळा, त्यावर पांढरट, मिरपूड घातलेलं, मांसाचे तुकडे असलेलं कालवण. पोरं आधी हबकतात. मग एक घास घेतात आणि हळूच म्हणतात, अरे, हे तर चांगलंय!

मी हे व्हिडिओ बघून बघून टेक्ससला गेलो होतो. ऑफिसच्या कामासाठी अडीच महिने. तिथं एका साध्या खानावळीत सकाळी बिस्किट-ग्रेव्ही खाल्ली, आणि शेजारच्या वाटीत ‘ग्रिट्स’ आले. तो पदार्थ मी ओळखला. नाव माहीत नव्हतं, पण पदार्थ ओळखला. भरडलेला मका पाण्यात शिजवून घट्टसर केलेला, वर लोणी. म्हणजे कण्या! आमच्याकडं जोंधळ्याच्या करतात, ताकात किंवा दुधात कालवून खातात. त्यांच्या मक्याच्या. चमच्यानं खाता खाता मला घरची आठवण आली, आणि ज्या खाण्यानं मला परकं वाटायला हवं होतं त्यानंच घर आठवलं म्हणून हसूही आलं.

पण आजचा भाग कण्यांवर नाही. त्याच आठवड्यात रस्त्यावर जे दिसलं त्यावर आहे.

शनिवारी एका सहकाऱ्याबरोबर गाडीनं डॅलसहून ऑस्टिनला निघालो होतो. जूनचे शेवटचे दिवस. मधल्या पट्ट्यात काळी जमीन लागते, अगदी आपल्या कपाशीच्या जमिनीसारखी. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विटकरी लाल कणसं, कमरेएवढ्या उंचीची, नजर पोचेल तिथपर्यंत. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, “मायलो.” मला काही लागलं नाही. मग त्यानं स्पेलिंग सांगितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मायलो नाही. मिलो.

फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. आजीनं तो आईच्या फोनवर बघितला. आईनं लगेच फोन लावून दिला. आजी म्हणाली, “आरं, ह्यो मिलो हाय. कुठं घावला तुला?” मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “तिकडं अजून खात्यात व्हय?”

मी सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, माणसं फारशी नाही खात. गुरांना जातं, कोंबड्यांना, डुकरांना. मी आजीला हे लगेच सांगितलं नाही.

तर आता १९७२ मध्ये जाऊ.

ज्यांना हा दुष्काळ फक्त ‘बहात्तरचा दुष्काळ’ या दोन शब्दांत माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७० पासूनच महाराष्ट्रात पाऊस कमी पडत होता आणि १९७२ ला तो जवळजवळ आलाच नाही. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. सरकारनं गावोगाव कामं काढली: खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. मे १९७३ मध्ये या कामांवर राज्यभरात पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. आपली रोजगार हमी योजना, जिच्यामागे वि. स. पागे यांचं डोकं होतं, ती याच काळात उभी राहिली. कामावर मजुरी मिळायची आणि सुकडी मिळायची. ‘सुकडी’ हा शब्द आमच्या भागात म्हाताऱ्या माणसांसमोर नुसता उच्चारा, तासभर गप्पा नक्की.

जुन्नर-आंबेगावचं एक आहे. हे दोन तालुके पश्चिमेला सह्याद्रीत आणि पूर्वेला कोरड्या पठारावर, असे ताणलेले आहेत. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाटाकडं भात, नाचणी, वरई, आणि पाऊस इतका की छत्रीचा उपयोग नाही. तिथून पूर्वेला साठ-सत्तर किलोमीटर आलात की लोणी-धामणी, आणे पठार. तिथं बाजरी आणि जोंधळा, तोही पावसाच्या मर्जीवर. आज हिरवागार दिसणारा मधला पट्टा, नारायणगाव-मंचरचा, तो कुकडी प्रकल्पाच्या पाण्यामुळे. येडगावचं धरण १९७७ चं, डिंभे तर त्याच्याही कितीतरी नंतरचं. ७२ ला यातलं काहीच नव्हतं.

आजीचं माहेर आण्याच्या पठारावरचं, सासर धामणीच्या बाजूचं. म्हणजे कोरड्यातून कोरड्यात. आजोबा मुंबईत डबेवाले. हे वेगळं सांगायला नको, कारण मुंबईच्या डब्यांचा धंदा १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केला तेव्हापासून तो चालवणारी माणसं मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर इथलीच. लोकल, डोक्यावरची ती लांब लाकडी पाटी, त्यात तीस-चाळीस डबे. प्रत्येक डब्यात कुणाच्या तरी घरचं जेवण. दुसऱ्यांचं कम्फर्ट फूड वेळेवर पोचवणं हाच धंदा. आणि स्वतःच्या घरी त्या वर्षी काय शिजत होतं? मिलो.

मिलो म्हणजे अमेरिकेतली लाल ज्वारी. ‘कंट्रोलच्या’ दुकानात, म्हणजे रेशनवर, मिळायची. आजीला त्याबद्दल विचारलं की ती चवीपासून सुरुवात करत नाही, पिठापासून करते. “त्याला इरीच नव्हती,” ती म्हणते. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, पीठ एकमेकांना धरून ठेवणारा गुण. शहरातल्या मित्रांना हा शब्द समजावून सांगावा लागतो, म्हणून इथंही सांगतो. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं. भाकरी थापली जाते ती ताज्या पिठाच्या विरीवर आणि हाताच्या सवयीवर. धान्य जुनं झालं, पीठ शिळं झालं, की विरी जाते. मग काठवटीत थापताना भाकरीच्या कडा चिरतात, उचलली की मध्ये तुटते, तव्यावर टाकली की फुगत नाही, पापुद्रा सुटत नाही. आणि हे धान्य तर अर्ध्या जगाचा फेरा मारून आलेलं. बायकांनी मग उकळतं पाणी घालून उकड काढून बघितली, बाजरीचं मूठभर पीठ मिसळून बघितलं. भाकरी व्हायची, पण लाल. गार झाली की कडक. चव तुरट. “पोट भरायचं,” आजी सांगते, “पर जेवल्यासारखं वाटायचं नाय.”

हे वाक्य मी लिहून ठेवलंय. कम्फर्ट फूड म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही, फक्त ती उलट्या बाजूनं केलेली आहे.

आता इतिहासाच्या बाजूनं एक दुरुस्ती, कारण मलाही ही गोष्ट चुकीची माहीत होती. आमच्या गावात सगळ्यांची समजूत अशी की मिलो अमेरिकेनं फुकट दिला. आपण हात पसरले आणि त्यांनी त्यांच्या गुरांचं खाणं आपल्या ताटात टाकलं. या समजुतीला आधार आहेच. अमेरिकेचा ‘पीएल-४८०’ कायदा १९५४ चा. भारताशी त्याखाली पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला आणि पुढची पंधरा वर्षं अमेरिकन गहू येत राहिला. आपण त्याचे पैसे रुपयांत द्यायचो, डॉलरमध्ये नाही, त्यामुळे ती बरीचशी मदतच होती. १९६५-६६ च्या दुष्काळात तर राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी मुद्दाम लगाम आखूड धरला. थोडं थोडं धान्य सोडायचं आणि भारताचं धोरण कसं वळतंय ते बघायचं. ‘जहाजातून थेट तोंडात’ असं त्या काळाचं वर्णन करतात. लालबहादूर शास्त्रींनी लोकांना सोमवारी रात्री जेवू नका म्हणून सांगितलं ते त्याच सुमाराला. शाळांमधून दुधाची भुकटी यायची, ‘केअर’ संस्थेचं मका-सोयाचं पीठ यायचं. पन्नास-साठच्या दशकात शाळेत गेलेल्या कुणालाही विचारा.

पण डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, अमेरिकेनं मदत थांबवली. पीएल-४८० चा अध्याय भारतापुरता तिथं जवळजवळ संपला. त्यामुळे ७२-७३ ला अमेरिकेतून जे धान्य आलं ते मुख्यतः आपण पैसे मोजून आणलेलं होतं. आणि वेळ इतकी वाईट की त्याच वर्षी सोव्हिएत रशियानं अमेरिकन बाजारातून प्रचंड गहू उचलला आणि जगभर भाव चढले. पुढं १९७३ मध्ये रशियानंच आपल्याला वीस लाख टन गहू उसना दिला, ती वेगळीच गंमत. मुद्दा हा की आजीनं खाल्लेली ती लाल भाकरी भिकेची नव्हती, विकत घेतलेली होती. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, “इकत घेतला? मंग चांगला का नाय घेतला?”

याला उत्तर आहे, बाजारभावाचं आणि परकीय चलनाचं. ते मी सुरू केलं, पण दोन वाक्यांत मलाच कळलं की तिचा प्रश्न तो नाहीये.

आता थोडं इंग्लंडला जाऊ. ज्या इंग्रज पोरांच्या व्हिडिओपासून मी सुरुवात केली त्यांच्या पणज्यांनी अमेरिकेचं खाणं चाखलं होतं, आणि तेही हौसेनं नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनची जहाजं बुडवायला सुरुवात केली. मार्च १९४१ मध्ये अमेरिकेनं ‘लेंड-लीज’ कायदा केला आणि त्यातून ब्रिटनला खाणं येऊ लागलं. १९४२ पासून रेशनवर अंड्याची भुकटी मिळायला लागली. एका डब्यात डझनभर अंडी. लोकांनी नावं ठेवली. रबरासारखं ऑम्लेट, पुठ्ठ्याची चव, काय काय. पण त्यांच्या अन्न मंत्रालयानं एक गोष्ट केली. ही भुकटी वापरायची कशी याची पत्रकं छापली. बीबीसीवर रोज सकाळी ‘किचन फ्रंट’ नावाचा कार्यक्रम लागायचा, त्यात रेशनच्या वस्तूंचं काय काय करता येईल ते सांगायचे. आणि मग काय झालं? युद्ध संपल्यावर, फेब्रुवारी १९४६ मध्ये, डॉलर वाचवायला सरकारनं ती भुकटी बंद करायचं जाहीर केलं, तर गृहिणींनी असा गदारोळ केला की सरकारला माघार घ्यावी लागली. चार वर्षं जिला शिव्या दिल्या तीच हवी म्हणून भांडल्या.

मिलो बंद झाला तेव्हा आमच्याकडं कुणी भांडलं नाही.

याचं सोपं कारण म्हणजे इंग्रजांना करायचं कसं ते शिकवलं आणि आपल्याला कुणी शिकवलं नाही. पत्रक छापायला पैसे लागत नाहीत फार. पण गावात वाचणार किती? आणि खरं म्हणजे ज्या बाईनं दहाव्या वर्षापासून भाकरी थापलीय तिला ज्वारीचं काय करायचं हे पत्रकातून कोण सांगणार? मला वाटतं खरी अडचण वेगळी आहे. ती समजायला एक दिवस उपासाला जेवावं लागतं.

संकष्टीला आम्ही लेण्याद्रीला जातो. अडीचशेच्या वर पायऱ्या चढून गिरिजात्मजाचं दर्शन घ्यायचं आणि खाली उतरून साबुदाण्याची खिचडी खायची. या वेळी टेक्ससहून आल्यावर गेलो तर माझं डोकं त्या प्लेटमध्येच अडकलं. साबुदाणा आजकाल बनतो टॅपिओकाच्या कंदापासून, मुख्यतः तमिळनाडूत सेलमच्या बाजूला. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतले. बटाटा अँडीज पर्वतातला. हिरवी मिरची अमेरिकेतली. शेजारचा माणूस राजगिऱ्याचा लाडू खात होता. राजगिरासुद्धा तिकडचाच. घरी गेल्यावर आईनं रताळी उकडलेली होती, तीही तिकडचीच. प्लेटमधलं भारताचं म्हणावं असं काय, तर जिरं (तेही बाहेरून आलेलं, पण फार जुनं) आणि तूप.

म्हणजे आपल्या सगळ्यात सोवळ्या, सगळ्यात जपलेल्या खाण्यात जवळपास सगळं अमेरिकन. बहुतेक म्हणूनच ते उपासाला चालतं. जुन्या यादीत नावच नव्हतं तर वर्ज्य कोण ठरवणार? हा माझा अंदाज आहे, कुणी शास्त्री ऐकत असतील तर रागावू नका. आणि गंमत म्हणजे हाच साबुदाणा इंग्लंडमध्ये शाळेच्या जेवणात दुधात शिजवून खीर म्हणून द्यायचे, तर पोरं त्याला ‘बेडकाची अंडी’ म्हणायची. पिढ्यान् पिढ्या म्हणायची. एकाचं उपासाचं सुख, दुसऱ्याची शाळेतली शिक्षा.

ही सगळी मंडळी आली कशी? पोर्तुगीजांबरोबर, गोव्याच्या आणि वसईच्या वाटेनं, सोळाव्या शतकापासून पुढं. ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगीज, त्यांनी तो कॅरिबियन बेटांवरच्या लोकांकडून उचललेला. म्हणून हिंदीवाले आलू म्हणतात आणि आपण बटाटा. पण शेतात बटाटा रुजला तो बऱ्याच नंतर, इंग्रजांच्या काळात. त्यांना तो हवा होता. कॅन्टोन्मेंटमधल्या साहेबाचं कम्फर्ट फूड ना ते! १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये तो पीक म्हणून नोंदलेला आहे. नारायणगावाजवळ हिवऱ्याला तर कंपनी सरकारची बाग होती. डॉ. अलेक्झांडर गिब्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर ती बघायचा. पुढं १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याच्या दापोडीच्या बागेतल्या झाडांची सुंदर चित्रं एडिंबराला जपून ठेवलेली आहेत. आपल्या जमिनीत परदेशची झाडं लावून बघायची हा त्या लोकांचा उद्योगच होता.

आज आंबेगावात सातगाव पठारावर, पेठ, कुरवंडी, भावडी, थुगाव या गावांत, पावसाळ्यात बटाटा हेच मुख्य पीक. पंजाबातून बेणं मंचरला येतं, जून-जुलैत लागवड होते, आणि त्यातला बराच माल करारानं वेफर्सच्या कंपन्यांना जातो. म्हणजे अँडीजचं कंद, पंजाबचं बेणं, आंबेगावची माती, आणि शेवटी पिशवीत अमेरिकन चिप्स. आणि नारायणगावचा टोमॅटो तर काय सांगावा. जुन्या मराठीत त्याला बेलवांगं म्हणायचे. काही सोवळ्या घरांत तो बरीच वर्षं आला नाही, रंग मांसासारखा म्हणून. आता जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या पुढं गेलं तेव्हा आमच्या ओळखीतल्या दोन पोरांची लग्नं जमली. दुसऱ्या वर्षी तोच टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतलेला बघितलाय मी. पण त्याला परका कुणी म्हणत नाही. शिव्यासुद्धा घरच्या माणसाला देतात तशा देतात.

मग बटाटा, मिरची, शेंगदाणा, टोमॅटो, साबुदाणा सगळे घरचे झाले आणि मिलोच का नाही झाला?

माझं मत सांगतो. मिलो परका होता म्हणून नाही. तो पुरेसा परका नव्हता म्हणून.

बटाटा आला तेव्हा तो कशासारखाच नव्हता. त्याला कुठल्या मापानं मोजणार? भाजी करून बघितली, रश्श्यात टाकला, उपासाला उकडला. प्रत्येक घरानं आपापली जागा शोधून दिली. भुईमुगाला मुगाचं नाव दिलं, पण कुणी त्याच्याकडून मुगाची आमटी मागितली नाही. मिलो मात्र ज्वारी होता. तेच दाणे, तेच दळण, तीच काठवट, तोच तवा. आणि ज्वारीची भाकरी कशी असते हे त्या ताटावर बसलेल्या प्रत्येकाला झोपेतही माहीत होतं. म्हणून प्रत्येक घासाला कळायचं की हे ते नाही. इंग्रज पोरं ग्रेव्हीला हबकत नाहीत, ती ‘बिस्किट’ या शब्दाला हबकतात. अंड्याच्या भुकटीचं ऑम्लेट वाईट लागलं कारण ऑम्लेट माहीत होतं. पण केकमध्ये ती भुकटी खपून गेली, आणि बहुतेक केकसाठीच गृहिणी नंतर भांडल्या.

आणखी एक. ज्वारी मूळची आफ्रिकेची. तिथून चारेक हजार वर्षांपूर्वी आपल्याकडं आली. तीच ज्वारी गुलामांच्या जहाजांबरोबर आफ्रिकेतून अमेरिकेत गेली. तिथं तिला बुटकं केलं, यंत्रानं कापता यावं म्हणून, आणि गुरांना घातली. १९७२ ला दोघी बहिणी आमच्या धामणीच्या घरात एका दुरडीत भेटल्या. एक पांढरी, एक लाल. खरं तर १९६४ ला भारतात जी पहिली संकरित ज्वारी आली, सीएसएच-१, तिची आईसुद्धा अमेरिकन वाणाची. गावात अजून कुणी पोरगा लवकर दमला की म्हणतात, हायब्रीड खाल्लेला आहे. मालदांडी खाल्लेला असता तर असा नसता.

दुरडीचं म्हणालो, ती गोष्ट राहिली. आजीनं ती मला या वर्षीच सांगितली.

डबेवाले वर्षातून एकदा, चैत्रात, गावच्या जत्रेला म्हणून सगळे मिळून सुट्टी घेतात. अजूनही घेतात. १९७३ च्या चैत्रात आजोबा आले. पत्रात आजीनं कळवलं होतं, म्हणजे शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलं होतं, की घरी सगळं बरं आहे. मिलोचा उल्लेख नव्हता. दुष्काळ असला तरी जत्रेला पाहुणे येणारच, म्हणून तिनं माहेरून आणलेली दोनेक शेर पांढरी ज्वारी मडक्यात राखून ठेवलेली. पाहुण्यांना आणि आजोबांना त्याची भाकरी. स्वतःला, सासूला आणि लेकरांना लाल. दुरडीत खाली लाल, वर फडकं, फडक्यावर पांढऱ्या. आजोबा जेवायला बसले, एक भाकरी खाल्ली, दुसरीसाठी हात दुरडीत घातला. आणि आजीच्या म्हणण्याप्रमाणे माणूस डबेवाला, त्याला भांड्यात वर काय आणि खाली काय हे हाताला कळतं. त्यांनी फडक्याखालची काढली.

“मग काय म्हणाले?” मी विचारलं.

“काय म्हणणार. खाल्ली. पाणी प्याले. पाव्हणे व्हते ना.”

रात्री म्हणाले, मुंबईतही रेशनला हेच देतात, मीही हेच खातो, कळवलं नव्हतं. म्हणजे दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवलेली. दिवसभर गिरगावातल्या घरांतून पोळ्या-भाजीचे गरम डबे फोर्टात पोचवायचे आणि खोलीवर येऊन सगळ्यांनी मिळून मिलो शिजवायचा. डब्यांचा वास कसा यायचा हे ते आजीला सांगायचे म्हणे, कुठल्या दिवशी कुठल्या घरात काय असतं ते. आजोबा मी दहावीत असताना गेले. मी त्यांना कधी विचारलंच नाही.

टेक्ससहून येताना मी एका दुकानातून ज्वारीच्या पिठाचं पाकीट आणलं. तिकडं आता ते ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून चांगल्या महागात विकतात. आजीनं पाकीट उलटसुलट बघितलं, फोडलं, चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं.

“पांढरं हाय की,” म्हणाली.

मग काही न विचारता गॅसवर पाणी ठेवलं. उकळतं पाणी पिठात ओतलं, उलथण्यानं हलवलं, झाकून ठेवलं. पन्नास वर्षांपूर्वीची युक्ती हातात तशीच होती. थापायला घेतली तर कडा चिरल्या. तिनं त्या बोटांनी सांधल्या, उचलून तव्यावर टाकली, वर पाणी फिरवलं. फुगली नाही. मी खाल्ली ठेच्याबरोबर. ठेचा म्हणजे मिरची आणि शेंगदाणे, तेव्हा ताटात सगळी अमेरिकाच. वाईट नव्हती. आजीनं कोपरा मोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली.

“ह्यो त्यो नव्हं,” म्हणाली. “पर इरी ह्यालाबी नाय.”

उरलेल्या पिठात तिनं डाळीचं पीठ आणि कांदा घालून दुसऱ्या दिवशी धिरडी केली. ती सगळ्यांनी खाल्ली.